मोरपंखी साडीचं गिऱ्हाईक

रात्रपाळी संपवून सकाळी घरी यावं, अंघोळ करून आडवं व्हावं, जेमतेम डोळा लागावा आणि दारावर थाप पडावी. दार उघडलं की घरमालक. बनियनवर निळा रंग, कानामागे ब्रश.

"सिस्टर, माणूस मेल्यावर त्याचा जबडा किती खाली येतो?"

मी दचकून विचारायची, "कोण गेलं, शेठजी?"

"आत्ता कोणी नाही. जुनी गोष्ट. माझे मोठे काका. तेव्हा मी लहान होतो, नीट पाहिलं नाही. आता काढायला बसलो तर तोंड मिटेना."

नंदुरबारच्या त्या घरात मी भाड्याने राहत होते, तितकी वर्षं माझी झोप या माणसाने अशी हप्त्याहप्त्याने खाल्ली. म्हाताऱ्या माणसाची मान मागून कशी दिसते? दमेकऱ्याचे खांदे नेहमीच वर असतात का? कावीळ झालेल्याच्या डोळ्यांचा पिवळा हळदीकडे जातो की लिंबाकडे? रुग्णालयात डॉक्टरांनी मला कधी इतकं विचारलं नाही. उत्तर मिळालं की शेठजी आभार मानत नसत. "हां, मग बरोबर काढलंय मी," असं म्हणून जिना उतरून जात. मग पुढे झोप कसली लागते!

शेठजींच्या घराण्याचं त्याच घराच्या खाली कापडाचं दुकान होतं. आजोबा राजस्थानातून आले, त्यांनी टाकलं. शेठजी तिथल्या गादीवर उमेदीपासून म्हातारपणापर्यंत बसले. मग मुलाने गादी काढली, काचा लावल्या, दारात जीन्स घातलेला बिनडोक्याचा पुतळा उभा केला.  शेठजी मागच्या गोदामात गेले, तिथे पडून असलेले मांजरपाटाचे ताके उघडले, दारं-खिडक्यांना लावतात तो ऑइलपेंट आणला आणि चित्रं काढायला बसले. कोणाची? तर आयुष्यात जितकी माणसं ओळखीची झाली, तितक्या सगळ्यांची.

"सगळ्यांची?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं.

"मग? दुकान मुलाचं झालं, घर सुनेचं झालं. माणसं माझीच राहिली ना?"

हे ऐकायला छान वाटतं. पण ही माणसं वाळत घालायची कुठे, हा प्रश्न होता, आणि शेठजींनी तो माझ्या जिन्यात सोडवला. रंग ओला असलेली चित्रं ते जिन्याच्या कठड्याला, भिंतीच्या खिळ्यांना, माझ्या कपड्यांच्या दोरीला चिमटे लावून टांगत. कामावरून यावं तर प्रत्येक पायरीवर कोणीतरी अनोळखी माणूस आपल्याकडे बघतोय. एकदा माझ्या पांढऱ्या युनिफॉर्मच्या पाठीवर एका जुन्या हमालाची मिशी उमटली. मी संतापून खाली गेले. शेठजींनी युनिफॉर्म हातात घेतला, मिशीकडे पाहिलंच नाही. अंगठा आणि बोटाच्या मध्ये कापड चोळलं आणि चेहरा पाडून म्हणाले, "सगळं पॉलिस्टर."

ही त्यांची खोडच होती. कोणीही भेटलं की आधी त्याची बाही चोळायची. बँकेचा साहेब असो की रिक्षावाला. माणसं दचकून हात मागे घेत. शेठजींना मात्र त्यातूनच ओळख पटायची.

हिवाळ्यात तर बघायला नको. गावाबाहेर मिरचीच्या पथारी पडतात, लाल गालिचे अंथरावेत तशा मोकळ्या रानात मिरच्या वाळत असतात. वारा फिरला की तो ठसका आमच्या गल्लीपर्यंत येतो. ती पूड ओल्या रंगावर बसायची. चित्रातल्या माणसांच्या गालांवर लाल बारीक कण चिकटायचे. सून म्हणायची, पुसून टाका. शेठजी म्हणायचे, "कशाला? हे लोक दुकानात यायचे तेव्हा मिरचीतूनच यायचे ना?" आणि जिन्यात उभी राहून मी शिंकत असायची.

त्यांचा एक नियम होता. ते मेलेले काका सोडले तर प्रत्येक माणूस कापड बघताना काढायचा. उभा, बसलेला, कसाही, पण त्याचा हात कापडावर असणार आणि डोळे त्या कापडात. "माणूस देवासमोर तोंड नीट करतो. फोटोत पोट आत घेतो. कापड बघताना मात्र तो स्वतःला विसरतो. मी समोर बसून तेवढंच पाहिलंय."

ज्याला कापड बघताना पाहिलं नाही त्याचं चित्र काढायचं नाही, हे त्यातूनच आलं. एका पुढाऱ्याचा माणूस साहेबांचं मोठं चित्र काढून द्या म्हणून आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवला. "त्यांनी आमच्याकडून कधी रुमालसुद्धा नेला नाही. मी त्यांना ओळखत नाही." मुलगा आतून डोक्याला हात लावत होता. त्या साहेबांच्या शिफारशीवर त्याची कसलीशी परवानगी अडकलेली होती.

विसरवाडीला हायवेवर हॉटेल चालवणारा एक जण यांचं जुनं गिऱ्हाईक होता. कोणीतरी त्याला सांगितलं, शेठनी तुमचं चित्र काढलंय. तो मोठ्या हौसेने बायकोला घेऊन आला. चित्रात तो दोन कापडांवर दोन हात ठेवून बसला होता आणि त्याचा चेहरा असा, की त्याला दोन्हीही घ्यायची नाहीत.

"शेठ, मी कंजूष दिसतोय यात," तो म्हणाला.

शेठजींनी चित्राकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. "दिसतो कुठे?" ते शांतपणे म्हणाले. "आहेस."

बायको पदर तोंडाला लावून इतकी हसली, की तिला जिन्यावर बसवून मला पाणी द्यावं लागलं. नवरा निघून गेला तो गाडीतच जाऊन बसला. त्यानंतर मी शेठजींना समजावलं, की निदान थोडं तरी बरं काढा, माणसं दुखावतात. ते म्हणाले, "सिस्टर, तुम्ही ताप कमी लिहिता का, पेशंट दुखावेल म्हणून?" या माणसाशी वाद घालायचा नाही, असं मी कितीतरी वेळा ठरवलं. पण झोप मोडलेली असली की ठरवलेलं काही राहत नाही.

तोरणमाळकडचं एक जोडपं दरवर्षी होळीच्या आधी दुकानात यायचं. त्यातल्या बाईचं चित्र मला मनापासून आवडायचं. लाल कापड उजेडात धरून ती त्याची वीण बघतेय, आणि आख्खं दुकान जणू तिचंच आहे. तिचा नवरा मात्र चित्रात पाठमोरा. मी विचारलं, याचं तोंड का नाही? शेठजी वैतागले. "इतकी वर्षं आला, पण सगळा वेळ दारात उभा. जीप सुटेल म्हणून रस्त्याकडेच बघत राहायचा. मी तोंड कुठून आणू?"

आता आईचं सांगते, कारण खरा तमाशा तिथे झाला.

आमचं गाव तापीकाठचं. थोडी शेती आणि वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला. गावातल्या बऱ्याच घरांची खरेदी शेठजींच्या दुकानातून व्हायची, त्या ओळखीवरच मला या खोल्या मिळाल्या. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी आईला नंदुरबारला माझ्याकडे आणलं. वडील अबोल होते. वाईट नव्हते, पण घरात कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही. आईला आठवायचं ते वेगळंच. तिच्या अंगावर आलेलं प्रत्येक लुगडं, प्रत्येक साडी तिच्या भावांनी दिलेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जायची आणि नवी साडी घेऊन यायची. "त्यासनी माले जल्ममा एक साडी बी लई दिधी नही," हे वाक्य ती भाजी निवडताना जितक्या सहज म्हणायची, तितक्याच सहज देवाला हात जोडतानाही म्हणायची. तिची तक्रार आता दुखत नव्हती. घरातल्या जुन्या पाट्यासारखी ती एका जागी ठेवलेली होती.

आणि एके दिवशी आई दूध घेऊन वर येत होती तर जिन्यात वडील.

मी तिच्या मागेच होते. वडील गादीवर मांडी घालून बसलेले, कारखान्याचा खाकी शर्ट, आणि मांडीवर पसरलेली मोरपंखी साडी. बारीक जरीचा काठ. उजवा हात पदरावर ठेवलेला. चेहऱ्यावर हसू होतं असं म्हणता येणार नाही, पण हसू येण्याआधी ओठ जसे सैल होतात तसे त्यांचे ओठ होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. चित्र इतकं खरं होतं, की मला एकदम रडू यायला लागलं.

आई रडली नाही. दुधाचं पातेलं पायरीवर ठेवलं आणि चित्राच्या अगदी जवळ गेली.

"हाई साडी कोनासाठे लिधी?"

मी म्हटलं, "आई, चित्र आहे ते."

"चित्र शे ते माले बी दिसस. साडी कोनी शे?"

मग सुरू झालं. जेवण झालं की आई जिन्यात त्या चित्रासमोर जाऊन बसायची. शेठजींना वाटलं, अखेर आपल्या कामाची कदर करणारं माणूस भेटलं. ते ब्रश पुसत बाहेर यायचे आणि तिच्या शेजारच्या पायरीवर टेकायचे.

"खांदा बघा, भाभी. डावा जरा उतरता. काट्यावर सारखे वाकून लिहायचे ना."

"शेठ, साडी खरीच व्हती का तुम्ही मननी काढी?"

"मनाची? मी काय स्वप्नं काढतो का? सुरतेचा माल होता. काउंटरवर ठेवला तर लोक चालता चालता थांबायचे."

"मंग लिधी का त्यासनी?"

"घेतली तर. रोख."

"कोनासाठे?"

इथे शेठजी ताठ व्हायचे. "ते मी विचारत नाही. कापडवाल्याने गिऱ्हाइकाला कधी विचारू नये, कोणाला नेतोस. तुम्ही शर्टाचा काठ बघा, कसा घासलेला आलाय."

आईला शर्ट दिसतच नव्हता. तिने गावातल्या बायकांच्या साड्या आठवायला सुरुवात केली. गावात पूर्वी एक ग्रामसेविका होती, ती निळ्या रंगाची नेसायची. कारखान्याच्या वसाहतीत एका क्लार्कची बहीण होती, ती तर नटवीच. मी पेशंटच्या शिरा शोधून, सुया टोचून दमून घरी यायची आणि आई दारातच विचारायची, "मोरपंखी म्हंजे निळीमाच धरतस ना?" तिने फोन करून आत्यालाही विचारलं. वडिलांची ती एकुलती बहीण. आत्या म्हणाली, माझ्या भावाने मला कधी साधा ब्लाउजपीस दिला नाही, मोरपंखी साडी कसली देतो. आता दोघीही अस्वस्थ.

मला सगळ्यांचा राग आला होता. मेलेल्या माणसावर आळ घेणाऱ्या आईचा, एक साडी घेऊन गप्प मरून गेलेल्या वडिलांचा, आणि सगळ्यांत जास्त खाली बसून शांतपणे ब्रश पुसणाऱ्या त्या माणसाचा. एका सकाळी मीच त्यांचं दार वाजवलं. त्यांना झोपेतून उठवण्याचं समाधान मिळेल अशी आशा होती, पण ते केव्हाचे कामाला बसलेले.

"शेठजी, एक काम करा. ती साडी पांढरी करून टाका. धोतर दिसेल. तुमचा एक ब्रश फिरेल आणि माझ्या घरात शांतता होईल."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी पेशंटला विष द्यायला सांगितलं होतं. "धोतर बघताना माणसाचं तोंड असं होतं का? साडी पुसली तर तोंडही पुसावं लागेल. मग राहिलं काय? खाकी शर्ट."

"मग खरं काय ते सांगा आईला."

"खरंच तर सांगतोय. घेतली. कोणाला ते माहीत नाही."

एवढ्यात शेठजींच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं. त्यांच्या समाजाच्या भवनात लग्नसराईआधी हॉल रिकामा होता. तिथे सगळी चित्रं मांडायची आणि ज्यांची आहेत त्यांना, ते नसतील तर त्यांच्या घरच्यांना बोलवायचं. आमच्या गावालाही निरोप गेला. आईने ते ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला. आतापर्यंत गोष्ट जिन्यात होती. आता भाऊबंद येणार, गावातल्या बायका येणार, आणि एकेक जण तिला विचारणार, की ही साडी तुझ्या अंगावर कधी पाहिली नाही ती?

चित्रं न्यायला छोटा टेम्पो आला, त्या दिवशी आई सकाळपासून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. वडिलांचं चित्र मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेलं.

"हाई आठेच ऱ्हाई," ती म्हणाली.

मुलगा, सून, टेम्पोवाला, सगळे उभे. मुलगा म्हणाला, "बाबूजी, एक राहू द्या ना." शेठजी ऐकायला तयार नाहीत. त्या माणसाशिवाय रांग पुरी होत नाही म्हणे. आवाज चढले. सून घाबरून मला म्हणाली, तुम्ही तरी बोला. मी काय बोलणार? दोघंही आपापल्या जागी इतके ठाम, की मला वाटलं टेम्पो तिथेच गंजणार.

शेवटी शेठजी ओरडले. "अहो भाभी, काय हे? नवऱ्याने साडी परत केली, आता बायको म्हणते चित्र परत करा! मी धंदा केला की पाप केलं?"

आईचे हात सैल पडले.

"परत?"

"परतच तर. त्याच दिवशी. सकाळी घेतली, दुपारी परत आले. म्हणाले, एसटीत बसलो होतो, गाडी सुटायच्या आत उतरलो. पोरांच्या शाळेचं कापड राहिलंय म्हणे. तेवढ्याच पैशात मग तुमच्या पोरांचं सगळं कापड दिलं, निळं आणि पांढरं."

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "शेठजी, इतके दिवस हे का नाही सांगितलं?"

"कोणी विचारलं? यांनी विचारलं, कोणासाठी घेतली. परत केली का, असं विचारलं असतं तर सांगितलं असतं." मग अजून रागातच ते म्हणाले, "आणि नाव तर त्यांनी सांगितलंच नव्हतं. माझं डोकं खाल्लं होतं त्या दिवशी. पदर पुन्हापुन्हा बोटाने ताणून बघत होते. म्हणे, ती पदर सारखा डाव्या हाताने ओढते, तिथेच फाटतो, तिथे कापड घट्ट पाहिजे. आता अशी बाई मी कुठून ओळखू?"

आमच्या घरात डावखुरी एकच आहे. जेवण सोडलं तर ती सगळं डाव्या हाताने करते. त्याही क्षणी तिने डाव्या हाताने पदर ओढून धरलेला होता. तिने तो सोडला.

मी म्हटलं, "शेठजी, ती बाई तुमच्यासमोर रोज जिन्यात बसत होती."

"मी चित्र दाखवत होतो," ते म्हणाले. "मी यांच्याकडे कुठे बघत होतो?"

सून रडायला लागली. का कोण जाणे, टेम्पोवाल्याने टोपी काढली. आई मात्र शेठजींकडे वळली आणि हळू आवाजात, पण एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, "शेठ, तुम्ही ती परत लिधीच कसाले?"

"गिऱ्हाईक परत घेऊन आलं तर..." शेठजींनी सुरुवात केली.

"इतला पोटभर धंदा व्हता तुमना. सांगतस ना, दुकानमा पाटी व्हती, परत घेणार नाही लिखेल. दुसरासले वाचाले लावेत. त्यासलेच कसं मोकळं सोडं?"

शेठजी वळून गोदामाच्या दारापर्यंत गेले.  त्यांनी कानामागचा ब्रश काढला, बघितला, पुन्हा लावला. मग आत गेले. बाहेर आले तेव्हा डोळे धुतलेले होते. "परत करताना त्यांच्याकडे मी पाहिलं नाही, भाभी," ते म्हणाले. "परत करताना सगळ्यांचीच तोंडं सारखी असतात, म्हणून मी बघायचंच सोडलं होतं. माल घेतला आणि घडी घालत बसलो."

मग त्यांनी चित्र उचललं, आईच्या हातात दिलं. "ठेवा. तुमचं आहे."

आईने ते घेतलं आणि टेम्पोत चढवायला शेठजींच्या मुलाकडे दिलं. "नही. तठेच ऱ्हाऊ द्या. लोकेसले देखू द्या."

भवनात चित्रं बरेच दिवस टांगलेली होती. माणसं आली, ओळखली, रागावली, हसली. विसरवाडीवाला पुन्हा आला आणि आपल्या चित्राखाली उभा राहून सगळ्यांना सांगू लागला, हा मीच. शेठजी मध्येच कोणाची तरी बाही चोळत फिरत होते आणि एका मुलीला, तुझे आजोबा खरंच इतके लबाड होते, असं प्रेमाने समजावून सांगत होते. मी सुट्टी घेऊन तिथे उभी, कारण कोणाशी भांडण झालं तर सोडवायला कोणीतरी हवं.

आई रोज यायची. वडिलांच्या चित्राजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची आणि कोणी थांबलं की स्वतःहून सांगायची, "मन्हासाठे लिधी व्हती त्यासनी." पुढचं सांगत नव्हती. मला कळेना, हसावं की तिचा हात धरून घरी न्यावं.

आत्या गावाहून आली ती तरातरा तिथेच. साडी पाहिली, काठ पाहिला, आणि सगळ्या बायकांसमोर मोठ्याने विचारलं, "लिधी व्हती ना तुन्हासाठे? मंग आम्हले कधी दिसनी नही ती! कोठे शे ती साडी?"

आसपासच्या बायका थांबल्या. आईचा डावा हात पदराकडे गेला.

"शे ना," ती म्हणाली. "पेटीमा ठेयेल शे."

शेठजी शेजारच्या चित्राची दोरी सरळ करत होते. जबडा किती खाली येतो हे मोजून काढणारा, एका मिशीसाठीही कोणाला सूट न देणारा तो माणूस आता तोंड उघडणार हे मला दिसत होतं. मी त्यांचा दंड धरायला पुढे झाले.

"सुरतेचा माल होता," शेठजी आत्याकडे वळून म्हणाले. "पक्का रंग. उतरला नाही ना, भाभी?"

"नही ना, शेठ," आई म्हणाली. "आजून बी तसाच शे."